समता आणि सामाजिक न्याय शिकायचाय? सीमाभागातून एम.ए. करणाऱ्यांसाठी

'समता व सामाजिक न्याय' अशा नावाचीच पदवी शोधत बसलात तर प्रवेशाच्या तारखा उलटून जातील. आपल्याकडे हा विषय एका विभागात बसत नाही. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य, स्त्री अभ्यास, विकास अभ्यास, मानवी हक्क आणि कायदा अशा अनेक विभागांत तो विखुरलेला आहे. त्यामुळे निवड पदवीच्या नावाची नसून विभागाची असते, आणि ती दोन वर्षांनंतर काय करायचं आहे ते पाहून करावी.

प्राध्यापकी किंवा संशोधन डोक्यात असेल तर आधी नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, विषयांची यादी उघडा. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य, स्त्री अभ्यास, मानवी हक्क हे तिथले स्वतंत्र विषय आहेत. पदवीवर भारदस्त आणि नवंकोरं नाव असलं, पण ते कोणत्याच विषयाशी जुळत नसलं, की अडचण नोकरीच्या अर्जात कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. नेटला एम.ए.त ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५०. सेटचं, म्हणजे राज्यपातळीवरच्या तशाच परीक्षेचं, गणित सीमाभागात आणखी वेगळं आहे. कर्नाटकाची के-सेट कर्नाटकापुरती चालते, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. धारवाडला शिकून कोल्हापुरात नोकरी करायची असेल तर सेटवर भिस्त ठेवताना कुठली सेट ते आधी ठरवा, नाहीतर सरळ नेट द्या. वस्तीपातळीवर, संस्थांमध्ये किंवा कामगार संघटनेत काम करायचं असेल तर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) बरं, कारण त्यात प्रत्यक्ष कामाचे तास अभ्यासक्रमातच असतात.

कुठं शिकायचं

घरापासून जवळचा पर्याय म्हणजे भूतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ (स्थापना २०१०), आणि तिथून पुढे धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. दोन्हीकडे वर्गात इंग्रजी आणि कन्नड चालते. उत्तरपत्रिका आणि लघुप्रबंध कोणत्या भाषेत लिहिता येतो, हे वर्गमित्रांच्या सांगण्यावर सोडू नका. विभागात अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ (१९६२) मराठीतून लिहू इच्छिणाऱ्यांना सोयीचं. निपाणीहून ते जेमतेम ४० किलोमीटर, रोजचं येणं-जाणं जमतं. बेळगावहून ११०च्या आसपास, म्हणजे वसतिगृह किंवा खोली धरावीच लागते. रोज बसनं ये-जा करणाऱ्याचं ग्रंथालय सुटतं, आणि या विषयात ग्रंथालय सुटलं की उरतात फक्त नोट्स.

लांब जाण्याची तयारी असेल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुणे विद्यापीठाचं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र, बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ हे चांगले पर्याय. अझीम प्रेमजीमध्ये घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीमध्ये सवलत मिळते. फीचा आकडा पाहूनच अनेक जण अर्ज भरत नाहीत, ही उगाच केलेली माघार आहे. घर सोडणं शक्य नसेल तर इग्नूतून एमएसडब्ल्यू किंवा लिंगभाव विषयातलं एम.ए. करता येतं.

आमचं मत विचाराल तर, विचार मराठीत करत असाल तर कोल्हापूर घ्या, पण आठवड्याला एक इंग्रजी शोधनिबंध शब्दकोश घेऊन वाचायची शिस्त पहिल्या महिन्यापासून लावा. भारतातलं या विषयावरचं बरंच नवं लेखन इंग्रजीत होतं. दुसऱ्या वर्षी ते एकदम वाचायला घेतलं की दम लागतो.

प्रवेश परीक्षा

टाटा संस्था आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अर्ज साधारण हिवाळ्यात, परीक्षा मार्चच्या सुमारास. ७५ प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. म्हणजे चार पर्यायांपैकी एक-दोन खात्रीनं खोडता येत असतील तर अंदाज बांधणं फायद्याचंच. राज्य विद्यापीठांचे प्रवेश बहुधा पदवीच्या निकालानंतर सुरू होतात. पदवीच्या शेवटच्या वर्षातली दिवाळी संपली की केंद्रीय परीक्षेचं बघायला लागा, तोवर इतरांना पत्ताही नसतो.

कागदपत्रं: सगळ्यात जास्त मुलं इथं अडकतात

सीमाभागातल्या विद्यार्थ्याच्या कागदांवर दोन राज्यांचे नियम येऊन आदळतात. एकेक गोष्ट नीट बघा.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या महसूल कचेरीतून) निघतो, त्यावर आरडी क्रमांक असतो. हा दाखला कर्नाटकात चालतो. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या आरक्षित जागेसाठी सर्वसाधारणपणे चालत नाही, कारण जातींच्या याद्या राज्यवार आहेत आणि आरक्षण मूळ राज्यात मिळतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात हे स्पष्ट केलं. महार ही जात दोन्ही राज्यांच्या अनुसूचित यादीत आहे, तरी खानापूरच्या मुलाला कोल्हापुरात त्या यादीचा आधार आपोआप मिळत नाही. केंद्रीय संस्थेत मात्र मिळतो, पण तिथं दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. इतर मागासवर्गीयांचं कोडं आणखी गुंतागुंतीचं. कर्नाटकात मराठा समाज ३-ब प्रवर्गात आहे, याचा अर्थ केंद्राच्या ओबीसी यादीतही तो आहे असा होत नाही. राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगवेगळी उघडून आपल्या जातीची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

महाराष्ट्र सरकारनं ८६५ सीमागावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाच्या काही सवलती ठेवल्या आहेत. त्यासाठी मुळात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: गाव त्या यादीतलं आहे आणि मातृभाषा मराठी आहे. पहिल्यासाठी रहिवासाचा दाखला, दुसऱ्यासाठी शाळा किंवा कॉलेजचा. ही सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या अर्जात वेगळ्या रकान्यात दिसते. एम.ए.साठी ती लागू आहे का, कशी, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा आणि प्रवेश विभागाला विचारा.

मग येतो नावाचा घोळ. कर्नाटकाच्या गुणपत्रिकेत बऱ्याचदा स्वतःचं नाव आधी आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर मागे किंवा पुढे असतं. महाराष्ट्राचा अर्ज आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम मागतो. आधारवर तिसराच क्रम, आणि कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं स्पेलिंग चौथं. अर्ज भरताना दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरा, आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. बेळगावहून कोल्हापूरला जाणाऱ्यांना जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्याचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत दिलं नाही तर पहिल्या सत्राचा निकाल राखून ठेवला जाऊ शकतो.

शिष्यवृत्तीबद्दल थोडक्यात. केंद्राची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती तुम्ही जिथं शिकता ते राज्य देत नाही, जिथले रहिवासी आहात ते राज्य देतं. अनुसूचित जातींसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. कर्नाटकात अर्ज एसएसपी, म्हणजे राज्य शिष्यवृत्ती, पोर्टलवर भरतात. पैसे न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बँक खातं आधारला नुसतं 'लिंक' असतं, पण पैसे थेट जमा होण्यासाठी लागणारी एनपीसीआय जोडणी झालेली नसते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बँकेत जाऊन दुसरीबद्दल विचारा.

पहिलं सत्र: काय वाचायचं, कसं वाचायचं

सुरुवात जवळून करा. फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन आणि बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण या दोनांत समतेचे बहुतेक प्रश्न येऊन जातात: शिक्षणाचा पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, आणि राजकारणात समता असताना समाजात आणि अर्थव्यवहारात विषमता राहिली तर काय होईल. महाराष्ट्र शासनानं काढलेले आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड स्वस्त आहेत. त्यातले दोन-तीन घरीच ठेवा.

मग न्यायनिवाडे. ते मुळातून वाचा, गाईडमधून नको. आपल्या भागाशी थेट नातं असलेला निकाल म्हणजे १९६२चा बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य. म्हैसूर (आताच्या कर्नाटक) सरकारनं ठेवलेलं ६८ टक्के आरक्षण न्यायालयानं रद्द केलं आणि साधारणपणे ते ५० टक्क्यांच्या आत असावं असं म्हटलं. त्याच्या बरोबर ६० वर्षं आधी, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराजांनी शेजारच्या करवीर (कोल्हापूर) संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. एकीकडे ५० हा किमान आकडा, दुसरीकडे तोच कमाल. हा फरक कशामुळे, यावर परीक्षेत पंधरा गुणांचं उत्तर सहज होतं. पुढे थॉमस (१९७६), इंद्रा साहनी (१९९२) आणि अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावरचा दविंदर सिंग (२०२४) या क्रमानं गेलात की कागदावरच्या समान वागणुकीपासून प्रत्यक्षातल्या समतेपर्यंत न्यायालय कसं सरकलं आणि कुठं अडखळलं ते दिसतं. दर निकालाला एक पान: वाद काय, प्रश्न काय, बहुमत काय म्हणतं, असहमत न्यायाधीश काय म्हणतात. असहमतीचं मत वगळू नका, बहुतेकदा खरा वाद तिथंच असतो.

सिद्धांताच्या पेपरात नॅन्सी फ्रेझर यांची वाटप, मान्यता आणि प्रतिनिधित्व ही त्रयी येते. वर्गात ती हवेत तरंगते. आपल्याकडे तिला लगेच जमीन सापडते. बिडी वळणाऱ्या बाईला हजारी, म्हणजे हजार बिड्यांची मजुरी, किती मिळते, हे वाटप. गावच्या लग्नात तिची पंगत कुठं आणि कितव्यांदा बसते, ही मान्यता. ग्रामपंचायतीची नोटीस तिला वाचता येणाऱ्या भाषेत लागते का आणि सभेत तिला बोलू देतात का, हे प्रतिनिधित्व. तिन्ही उत्तरं एकाच दिशेची नसतात, आणि अभ्यास तिथंच सुरू होतो.

सीमाभागातल्या विद्यार्थ्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच आहे. भाषिक अल्पसंख्याक म्हणून आपल्यावर अन्याय होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याला संविधानाचे आधारही आहेत: कलम २९ आणि ३०, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याबद्दलचं ३५०-अ, भाषिक अल्पसंख्याक आयुक्ताचं ३५०-ब. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असली तर त्यांच्या भाषेत शिकवण्याची सोय करावी, तालुक्यात किंवा पालिकेत १५ टक्क्यांवर लोक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे निकषही देशपातळीवर मान्य झालेले आहेत. हे सगळं अभ्यासा. पण राज्यात अल्पसंख्य असलेला मराठी माणूस स्वतःच्या गावात जमीन, पाणवठा, देवळाची कमिटी आणि पंचायत या सगळ्यांवर बसलेला असू शकतो, आणि त्याच गावातला मराठी बोलणारा दलित दोन्ही हिशेबांत खाली असतो. ही दुसरी बाजू ज्या लघुप्रबंधात नाही, तो परीक्षक पहिल्या प्रकरणातच बाजूला ठेवतो. आणि खरं सांगायचं तर तो ठेवावाच.

लघुप्रबंधाचा विषय

'बेळगाव जिल्ह्यातील दलितांची सामाजिक स्थिती' हा विषय नाही, ती जिल्हा गॅझेटियरची अनुक्रमणिका आहे. विषय इतका लहान हवा की प्रश्न एका वाक्यात मावेल आणि उत्तर चुकीचंही निघू शकेल.

इथं सीमाभागाला एक दुर्मीळ फायदा आहे: एकच समाज, एकच भाषा, आणि मधून गेलेली राज्याची रेघ. महार वतनांचं, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात वंशपरंपरेनं मिळालेल्या जमिनींचं, उदाहरण घ्या. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार वतनं बंद केली. ब्रिटिश मुलखात १८७४चा वतन कायदा चालू राहिला, बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्याच्या दुरुस्तीसाठी मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि आता कोल्हापूर जिल्ह्यात आहे. चंदगडच्या वतनांना १९५८चा मुंबईचा कायदा लागला, खानापूर-बेळगावच्या वतनांना १९६१चा म्हैसूरचा ग्रामाधिकार निर्मूलन कायदा. दोन शेजारची गावं निवडा, एक रेघेच्या अलीकडचं, एक पलीकडचं. वतनाची जमीन कुणाच्या नावावर परत आली, सारा भरायला पैसे कुठून आणले, किती वर्षांत विकली गेली, कुणी घेतली? दोन वर्षांत मावेल असा हा विषय आहे.

एका ठिकाणी सावध राहा. कर्नाटकात अनुसूचित जातींना दिलेल्या जमिनींच्या हस्तांतराला बंदी घालणारा १९७८चा कायदा आहे. तो वतनाच्या जमिनीलाही लागू होतो असं अनेक जण गृहीत धरून चालतात. कायद्यातली व्याख्या वाचा: वंशपरंपरागत हक्कांशी संबंधित जमिनी त्यातून वगळल्या आहेत.

इतर विषयही भरपूर आहेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गवळी वस्त्यांचे वनहक्काचे दावे घ्या. २००६च्या कायद्यानं बिगर-आदिवासींना १३ डिसेंबर २००५ आधीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला आहे. फिरत्या गुराख्यानं तो आणायचा कुठून? वडगाव-शहापूरचे यंत्रमाग कामगार आहेत, निपाणीच्या बिडी कामगार आहेत. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली १९२५ मध्ये निपाणीत झालेल्या बहिष्कृत परिषदेचा गावोगावी काय परिणाम उरला, हाही विषय आहे. सौंदत्तीच्या देवदासी प्रथेवर मात्र विचार करूनच हात घाला. ओळखीचा आणि 'उठून दिसणारा' विषय म्हणून तिथं इतके अभ्यासक येऊन गेलेत की त्या बायकांना प्रश्नावली पाठ झाली आहे. १९८२च्या कायद्यानंतर मिळालेल्या पेन्शनचं किंवा घरकुलाचं काय झालं, असा नेमका प्रश्न असेल तरच जा.

कागद शोधणं

कन्नड लिपी शिका, पर्याय नाही. अक्षरांचा क्रम क-ख-ग असाच असल्यानं रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात पाटी वाचता येते, आणि जमिनीचा उतारा, म्हणजे पहाणी, रकान्यांच्या ठरलेल्या शब्दांमुळे त्यानंतर लवकरच. १९५६ पूर्वीची कागदपत्रं मात्र मुंबई इलाख्याची, त्यामुळे ती मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधावी लागतात. संस्थानची कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. बेळगावचा १८८४चा गॅझेटियर सुरुवातीला उपयोगी, पण जातींची वर्णनं साहेबाच्या नजरेनं लिहिलेली आहेत हे विसरू नका.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करताना कर्नाटकाच्या नियमांतली दोन बंधनं पाळा: अर्ज १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय. फी १० रुपये. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर ती द्यायला जमणार नाही असं उत्तर येईल. वर्ष, गाव, नोंदवहीचं नाव लिहून प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. उत्तर कन्नडमध्ये येईल, त्याचीही तयारी ठेवा.

मुलाखत

'तुमच्यावर अन्याय होतो का?' असं विचारलं की उत्तर येतं, 'नाही हो, आमच्या गावात सगळे मिळून राहतात.' ते खोटं नसतं, पाहुण्याला द्यायचं उत्तर असतं. त्याऐवजी कृती विचारा. पाणी कुठून भरता? मयत कुठल्या रस्त्यानं नेतात? शेतावर चहा कशातून देतात, तो कप कोण धुतं? लग्नाचं आमंत्रण घरात येऊन देतात की बाहेरून?

बिडी कामगारांकडे जायचं तर काम समजून जा. ओल्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं पान कापतात, त्यात जर्दा भरून वळतात, टोक मुडपतात, दोरा बांधतात, मग पंचवीसचा कट्टा. मजुरी हजारावर. पानं वजनानं मिळतात, फाटकी निघाली की कमी पडतात आणि उरलेली बाईला पदरचे पैसे घालून आणावी लागतात. शिवाय माल देताना 'खराब' म्हणून काही बाजूला काढतात. म्हणून 'मजुरी किती?' एवढं विचारून थांबू नका. हजारामागे किती बाजूला पडतात, ठरवतं कोण, बाजूला काढलेल्या बिड्यांचं पुढे काय होतं, पीएफचं कार्ड कुणाच्या नावावर आहे, हे विचारा. मुलाखत माल देण्याच्या ठिकाणी घेऊ नका, ठेकेदार ऐकत असतो. घरी, दुपारी, ती वळत असतानाच बोला. तिचे हात थांबवलेत तर तिची मजुरी बुडते, आणि तुमच्या समतेच्या अभ्यासाची सुरुवातच तिथं वाईट होते.

लघुप्रबंधाला १२ ते १५ खोलवर मुलाखती पुरतात. एक तासाचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला पाच-सहा तास जातात, त्यामुळे ४० मुलाखती घेऊन ठेवणारे बहुधा पाचच उतरवतात. मुद्रणाला संमती घ्या, ती कागदावर घेणं जमत नसेल तर मुद्रणातच बोलून घ्या. नावं बदलणं पुरेसं नसतं. पंचवीस घरांच्या वस्तीत 'पन्नाशीची, मुलगा पुण्यात रिक्षा चालवतो' एवढं लिहिलं तरी गाव ओळखतं. वय, व्यवसाय, नातं यातलं काहीतरी बदला आणि तसं बदलल्याचं प्रबंधात नोंदवा.

लिहिताना

आधी सामग्रीची प्रकरणं लिहा, प्रस्तावना शेवटी. 'पुरोगामी', 'ऐतिहासिक', 'क्रांतिकारी' ही विशेषणं पहिल्या मसुद्यात जिथं जिथं आली असतील तिथं काय घडलं ते लिहून ती खोडा. आकडा आला की वर्ष आणि तालुका सोबत हवा. २०११च्या जनगणनेतला मातृभाषेचा तक्ता वेगळा आणि अनुसूचित जातींचा वेगळा. दोन्ही जोडून 'मराठी दलित इतके टक्के' असं गणित मांडता येत नाही, कारण जनगणना ते एकत्र देत नाही. दरवर्षी कुणीतरी ते मांडतंच आणि तोंडी परीक्षेत सापडतं. मार्गदर्शकांना मसुदा प्रकरणाप्रकरणानं द्या, जमेल तर दुसऱ्या सत्राच्या शेवटी पहिलं क्षेत्रप्रकरण त्यांच्या टेबलावर असू द्या. ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांच्याबद्दल लिहिलेला भाग मराठीत वाचून दाखवायला एकदा परत जा. त्या जे दुरुस्त करतात ते बहुधा परीक्षकांच्या नजरेतून सुटलेलं असतं.